किल्लेदाराची बादली

मार्गशीर्ष लागला की आमच्या दोंडाईच्यात मळ्यामळ्यांतून भरिताच्या पंगती सुरू होतात. उन्हं उतरली की कपाशीच्या काड्यांचा ढीग पेटतो, त्यात हिरवी-पांढरी मोठाली वांगी खुपसली जातात, आणि धूर जमिनीलगत असा पसरतो की गाडीतून स्टेशनावर उतरलेल्या माणसालाही कळावं, आज कोणाकडे तरी भरीत आहे. चौऱ्याण्णव सालापासून या पंगतींना एक माणूस न बोलावता यायचा. हातात पाण्याने भरलेली पत्र्याची बादली. आल्या आल्या कोणाला काही न विचारता तो ती आगीवर उपडी करायचा.

एकदा अभिमन आप्पांच्या मळ्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं. बांधावरून तो येताना दिसला मात्र, पुरुषांत हशा पिकला.

"उना रे, किल्लेदार उना! वांगा झाका!"

"किल्लेदार, आधी दोन घास खायी ल्या, मंग पानी टाका."

तो हसला नाही, रागावलाही नाही. बादली रिकामी केली, फुसफुसणाऱ्या काड्या पायाने पसरल्या आणि म्हणाला, "इझाडा भो. लोके येतीन."

"येऊ द्या ना!" अभिमन आप्पा म्हणाले. "लोकेंसाठेच ते करी राहिनूत!"

पुन्हा हशा. तो रिकामी बादली घेऊन आला तसा बांधावरून निघून गेला. अंधार पडत होता. त्याच्या ओल्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

हा किल्लेदार म्हणजे आमच्या समोरच्या घरातले हिलालभाऊ. फौजेत सतरा वर्षं स्वयंपाकी होते. फौजेच्या भाषेत लांगरी. शेवटचं दीड वर्ष परदेशात, आफ्रिकेतल्या कुठल्याशा किल्ल्यात काढून आले, म्हणून गल्लीने किल्लेदार केलं. बायको लताबाई, माहेर बामणोदचं, भरिताच्या वांग्यांच्या गावचं. मूलबाळ नाही. माणूस इतका मऊ की भाजीवालीलाही "अक्का, घ्यू का?" म्हणून विचारल्याशिवाय वांग्याला हात लावत नसे. आणि वांगं घ्यायचा मात्र कधीच नाही.

मी घरात असणारी बाई. धुळ्याला बी. ए. झाले, पुढे गॅलरी आणि ओटा एवढंच माझं निरीक्षणाचं ठिकाण. पण ओट्यावरून पुष्कळ दिसतं. गल्लीत सगळ्यांच्या आधी त्यांच्याकडे गॅस आला. त्यांच्या अंगणातला बंब पालथा पडलेला असे. डिसेंबरातही दोघं थंड पाण्याने अंघोळ करत. देवापुढे उदबत्ती नाही, निरांजन तेवढं. संध्याकाळी सगळ्या गल्लीच्या धाब्याच्या छतांवरून धूर निघायचा आणि त्या एका घरावरचं आकाश स्वच्छ. हे माझ्या लक्षात यायला वर्ष लागलं, आणि का ते कळायला आणखी एक चंपाषष्ठी.

आमच्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग तोंडात घालायचं. पंच्याण्णवच्या चंपाषष्ठीला गॅसवर भाजलेलं देवाला काय दाखवायचं, म्हणून मी मागच्या अंगणात चार काड्या पेटवल्या. दोनच वांगी होती. साल तडकायला लागली होती इतक्यात कंपाउंडच्या भिंतीवरून पाणी आलं. वांगी, काड्या, माझं लुगडं, सगळं भिजलं. भिंतीपलीकडे, मागच्या बोळात, हिलालभाऊंचा चेहरा होता. घाबरलेल्या माणसाचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लताबाईंना घेऊन आले. सोबत दोन वांगी, भरपाईची. ती त्यांनी स्वतः नव्हती धरलेली, लताबाईंच्या पिशवीत होती.

"वहिनी, चुकी गयं. देवना निवद व्हता तुमना."

"बसा भाऊ. चहा टाकते. काय झालं एवढं?"

ते बसले. लताबाई म्हणाल्या, "सांगी टाका. वहिनी शिकेल शेतस. त्यासले समजी." मग त्यांनी सांगितलं. मध्येच थांबत, मध्येच माझ्या गॅसच्या निळ्या ज्योतीकडे बघत. मी ते माझ्या भाषेत लिहिते आहे.

त्या देशात यादवी चालली होती. ती थांबवायला चार देशांनी मिळून फौज पाठवली होती आणि ती सगळी एकाच जुन्या, लाल मातीच्या किल्ल्यात राहायची. चार कोपरे, चार देश, चार झेंडे. झेंडे सकाळी एकाच शिट्टीवर चढायचे, कारण एकाचा आधी चढला तर दुसऱ्याचा अपमान. काठ्यांची उंची मोजायला एक अधिकारी नेमलेला होता. हिलालभाऊंना देशांची नावं नीट सांगता यायची नाहीत. ते म्हणायचे पाववाले, भातवाले, मासेवाले. आणि आपण पोळीवाले. विहीर एक आणि दरवाजा एक. दरवाजाची पाळी आठवड्याआठवड्याने बदलायची. ज्याचा आठवडा त्याचा पहारा, त्याचा परवलीचा शब्द, त्याचा हुकूम. चारी देश दोस्त होते, पण सगळ्यांच्या वर कोण, हे शेवटपर्यंत कोणाला माहीत नव्हतं.

किल्ल्याखाली कोरड्या नदीत घरदार सोडून आलेल्या लोकांची वस्ती होती. त्यांना धान्य वाटायचं होतं. वाटपाचा दिवस नक्की नसे. माल जेव्हा पोचेल तेव्हा. भोंग्यावरून पुकारायचं ठरलं, पण कोणत्या देशाच्या भाषेत यावर साहेब लोकांचं जमेना. शेवटी धूर ठरला. धान्य आलं की दरवाजावरच्या पहाऱ्याने ओला पाला जाळून पांढरा धूर काढायचा. धूर दिसला की वस्तीने वर यायचं. धूर नसताना चुन्याने रंगवलेल्या दगडांची ओळ जो ओलांडेल त्याच्यावर गोळी.

वस्तीतली एक बाई भाजी विकायला ओळीपर्यंत यायची. चाळिशीची असेल. डोक्याला पिवळं फडकं. हिलालभाऊंना तिचं नाव उच्चारता येईना, ते तिला अक्का म्हणायचे. तीही त्यांना अक्काच म्हणायची, तिला वाटलं हा रामराम आहे. एकदा तिच्या टोपलीत हिरवी-पांढरी वांगी निघाली.

"बामणोदनी वांगा, वहिनी! जशाच्या तशा." हे सांगताना ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "मी लताले कागद धाडा, तुन्हं माहेर आठे सापडनं."

लताबाई पदराला गाठी मारत होत्या.

लताबाईंनी उत्तराच्या पाकिटातून दिनदर्शिकेचं पान पाठवलं, चंपाषष्ठीवर पेनने गोल करून. चार महिने हिलालभाऊंनी तिथेही वांगं खाल्लं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी अक्काकडून टोपलीभर वांगी घेतली आणि खुणेने आणखी एक मागितलं. नदीपलीकडे ओसाड कपाशीची शेतं होती, त्यांतल्या काड्या. तिला कळेना, एवढ्या काड्या कशाला. त्यांनी वांगं भाजायची, ठेचायची, बोटं चाटायची नक्कल करून दाखवली. ती पोट धरून हसली. दुपारपर्यंत तिने आणि तिच्या बहिणीने दोन भारे आणून टाकले.

बाकी तीन देशांच्या लांगऱ्यांना त्यांनी आवतण दिलं. जेवणाच्या बाबतीत त्या किल्ल्यात खरंच दोस्ती होती. मधली भिंत कमरेएवढी. पाव इकडे यायचा, पोळी तिकडे जायची. काड्या आपल्या कोपऱ्यात, भटारखान्यामागे रचल्या. त्या पुरत्या वाळलेल्या नव्हत्या, बोंडं तशीच होती. उन्हं उतरली आणि त्यांनी पेटवल्या.

"आपलाकडे धूर देखीसन कोन काय इचारस, वहिनी? धूर म्हंजे भरीत. मन्हा डोकामा दुसरं उनंच नही. देवाले निवद दखाडाना एवढंच."

नंतर त्यांनी गुळाची ढेप नाही म्हणून साखरेचा रोडगा देवापुढे ठेवला, असंही सांगितलं. हे का सांगितलं ते मला तेव्हा समजलं नाही; पुढे वाटलं, निवदात काही चुकलं का तेच ते शोधत होते.

खालून कोपरा दिसत नाही. खालून किल्ला दिसतो आणि किल्ल्यावर पांढरा धूर. वस्ती निघाली. जो आधी पोचेल त्याला भरलेलं पोतं, शेवटच्याला झाडलोट, म्हणून लोक पळत निघाले. तो आठवडा मासेवाल्यांचा होता. नवीन पोरं, गेल्याच आठवड्यात त्यांची दोन माणसं मेलेली. दरवाजावरून भटारखाना दिसत नाही. त्यांनी धूर केलेला नव्हता. त्यांना दिसलं ते एवढंच, की अंधार पडताना शे-दीडशे माणसं चुन्याची ओळ ओलांडून पळत येताहेत.

"मी ठेची राहिंथू," हिलालभाऊ म्हणाले. "लाकडी उखळ व्हतं, बडगीसारखं. ठेचाना आवाजमा पहिल्या गोया ऐकूच उन्या नहीत."

भिंतीवर चढून त्यांनी पाहिलं तेव्हा सगळं थांबलं होतं. सात माणसं ओळीच्या आत पडली होती. पिवळं फडकं सगळ्यांत पुढे होतं. तिची जागा ओळीजवळची, ती नेहमी आधी पोचायची. जे हातवारे बघून ती दुपारी हसली होती, ते तिला आठवले नसतील का? की तिला वाटलं, हा वेगळा धूर? हे त्यांनी मला विचारलं. 

मी मात्र एक विचारलं. संसारी बाईच्या तोंडून जे निघायचं ते निघालं. "मग ते भरीत?"

 लताबाईंनी मान वळवली.

"खादं. चारी देशना बठ्ठासनी खादं. दुसरं काय रांधेल नव्हतं. मी बी खादं, वहिनी. चव लागनी."

चहा तसाच होता. वरची साय मी चमच्याने काढली आणि परत आत टाकली.

चौकशी झाली. एक नाही, चार. प्रत्येक देशाने आपापली केली आणि प्रत्येकाने आपल्या माणसांचा दोष नाही असं लिहिलं. मासेवाल्यांनी लिहिलं, हुकूम पाळला. बाकीच्यांनी लिहिलं, दरवाजा आमच्याकडे नव्हता. हिलालभाऊ आपले सुभेदार धनसिंग यांच्याकडे गेले आणि लिहून दिलं, धूर माझ्या चुलीचा. सुभेदारांनी कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "हिलाल, तू भाकऱ्या थापायला आलास. हे चार देशांचं आहे. घरी जा, बायको वाट बघते." सुभेदार वाईट माणूस नव्हता, असं हिलालभाऊ प्रत्येक वेळी सांगायचे. चारी अहवालांत एक रकाना सारखा निघाला. धुराचं कारण: अज्ञात.

हा एक शब्द त्यांना खोडायचा होता. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. शिक्षा होईल, पेन्शन जाईल, असं आमच्या ह्यांनी त्यांना समजावलं तेव्हा ते म्हणाले, "जाऊ द्या ना भाऊसाहेब. पन सात मानसं कसामुये मरनात ते लिखेल पाहिजे. कोन्ही तरी माले सांगाले पाहिजे, तुन्हामुये मरनात."

म्हणून आम्ही अर्ज लिहायला बसलो. तीन वर्षं. मी इंग्रजीत लिहायची, ते समोर बसून विचारायचे, पहिलं वाक्य तेच शे ना? पहिलं वाक्य दर वेळी एकच असायचं: धूर माझ्या चुलीचा होता. अर्ज धुळ्याला जायचा, तिथून पुण्याला, पुण्याहून दिल्लीला. उत्तर यायचं, विषय संयुक्त मुख्यालयाच्या अखत्यारीतला आहे. पोस्टमन दिसला की ते ओट्यावर उभे राहायचे. आणि प्रत्येक हिवाळ्यात, पाचच्या सुमाराला, बादली घेऊन निघायचे. जिथे धूर दिसेल तिथे. लताबाई अडवायच्या नाहीत. "रिकामी बादली लयीसन येतस तव्हय त्यासले झोप लागस," असं एकदा त्या म्हणाल्या. "कोन्ही येवाना आधी इझाडी टाकं, अशी समजूत."

शहाण्णवच्या सव्वीस जानेवारीला शाळेने माजी सैनिक म्हणून त्यांचा सत्कार ठेवला. ते येणार नव्हते. मग एकदम तयार झाले, पांढरा सदरा घालून आले, आणि त्यांच्या मनात काय असावं ते मी ओळखलं. तेच निघालं. नारळ-टोपी झाल्यावर दोन शब्द बोला म्हणाले, तर हिलालभाऊ माइकसमोर उभे राहून म्हणाले:

"मन्हा हातथून सात मानसं मरी गयात. चुकीथून. त्या हत्यार नसलेली मानसं व्हतीत. मी गुन्हेगार शे."

 मी पदर मुठीत धरला. मग अभिमन आप्पांनी पहिली टाळी वाजवली आणि सगळं मैदान वाजायला लागलं. मुख्याध्यापक पुढे झाले, डोळे पुसून म्हणाले, शत्रूला मारूनही ज्याचं मन हळहळतं असा हा आपल्या मातीतला वीर! मग त्यांनी हिलालभाऊंच्या फौजेच्या सेवापुस्तकातून वाचून दाखवलं: चारित्र्य, अनुकरणीय. पुन्हा टाळ्या. हिलालभाऊ हात हलवून "नही, नही" म्हणत होते. लोकांना वाटलं, ते टाळ्या पुरे म्हणताहेत.

घरी येताना ते फक्त एवढंच म्हणाले, "वहिनी, मराठीमा बी नही समजनं. तुमनी इंग्रजी लिखेल कोन वाचाव शे?"

तरी आम्ही लिहीत राहिलो. अठ्ठ्याण्णवच्या श्रावणात शेवटचं पाकीट आलं. जाड, मोहोर असलेलं. त्यांनी ते उघडलं नाही, तसंच आणून माझ्या हातात दिलं. लताबाई दारातच थांबल्या. मी वाचलं. संयुक्त मुख्यालय विसर्जित झालं आहे. किल्ला त्या देशाच्या सरकारला परत करण्यात आला आहे. दप्तर चारी देशांत विभागून दिलं असून संबंधित अहवाल एकत्र उपलब्ध नाहीत. प्रकरण निकाली काढण्यात आलं आहे. यापुढे पत्रव्यवहार होणार नाही. शेवटी, आपल्या उत्कृष्ट सेवेबद्दल आभार.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"निकाली म्हंजे कोना निकाल लागना?"

"कोणाचाच नाही, भाऊ."

"म्हंजे त्या चार देशमा आते कोन्हालेच याद नही, धूर कोना व्हता?"

मी म्हटलं, "तुम्हाला आहे. मला आहे. लताबाईंना आहे." हे बोलल्याबरोबर मला कळलं की मी चुकीचं बोलले. त्यांना आठवण नको होती, निवाडा हवा होता, आणि तो माझ्यासारख्या ओट्यावरच्या बाईच्या हातात नव्हता. तेवढ्यात ते उठले. पाकिटाची घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली, आणि मला सुभेदार धनसिंग आठवले.

त्या वर्षी मार्गशीर्ष लागला. पहिल्या पंगती झाल्या आणि गावात आश्चर्य पसरलं: किल्लेदार आला नाही. अभिमन आप्पा ह्यांना बाजारात भेटले तेव्हा खुशीत होते. "सुधारनात हो तुमना किल्लेदार! यंदा आमन्या वांगा कोरड्या राहिन्यात." आणि जाता जाता म्हणाले, "पन येक सांगू? पंगतले मजा नही उनी."

चंपाषष्ठीला मी गॅसवर वांगी भाजली आणि नैवेद्याची वाटी झाकून समोर घेऊन गेले. लताबाई भाकरी टाकत होत्या. हिलालभाऊ ओट्यावर बसले होते, रस्त्याकडे तोंड करून. शेजारी बादली होती, कोरडी. गावाबाहेर तीन-चार ठिकाणांहून धूर वर चढत होता. वारा नव्हता, त्यामुळे तो सरळ आणि पांढरा दिसत होता.

"भाऊ, आज निघाला नाहीत?" मी हळूच विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. रस्त्याच्या टोकाला, जिथे स्टेशनाकडचं वळण आहे, तिकडे ते बघत होते. एखाद्या पाहुण्याची वाट बघावी तसं. फक्त चेहरा पाहुण्याची वाट बघणाऱ्याचा नव्हता.

"आते पानी टाकीसन काय व्हई, वहिनी?" ते म्हणाले. "धूर देखाई गया. त्या लोके निंघी गया व्हतीन."

आत तव्यावर भाकरी करपल्याचा वास आला. लताबाई कधीच दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या; त्या आत धावल्या नाहीत, मीही गेले नाही. आम्ही तिघंही त्या वळणाकडे बघत राहिलो. थोड्या वेळाने आतूनही धुराची एक बारीक रेघ बाहेर आली आणि त्या घरावरच्या स्वच्छ आकाशात चढायला लागली. हिलालभाऊंनी वर पाहिलं. मग बादली पायाने जरा बाजूला सारली, कोणाला तरी बसायला जागा करावी तशी.